लागणे, सोडणे, सुटणे

तंबाखूविषयीचे मराठी लेखन वाचताना आम्हांला एक गोष्ट नेहमी जाणवते. हे लेखन बहुधा दोनच भाषांत होते. एक आरोग्यखात्याच्या पत्रकाची भाषा. तीत आकडे असतात, पण ज्याला तंबाखू हवी असते तो माणूस दिसत नाही. दुसरी उपदेशकाची भाषा. तीत माणूस दिसतो, पण केवळ दोषी म्हणून. या दोहोंपलीकडची भाषा ललित साहित्याने घडवावी, अशी अपेक्षा करायला हरकत नव्हती. तिथे पान, विडी, चिलीम, तपकीर, चंची यांची वर्णने विपुल आहेत. बोटांत सिगारेट धरलेल्या लेखकाचे छायाचित्र तर एका पिढीला लेखकपणाचेच चिन्ह वाटत असे. मात्र तंबाखू सोडू पाहणाऱ्या माणसाचे पहिले तीन दिवस आमच्या वाचनात क्वचितच आले. ही उणीव जितकी आरोग्यविषयक तितकीच भाषाविषयक आहे, असे आम्हांस वाटते, म्हणून हा विषय येथे घेत आहोत.

तंबाखू आपल्याकडे उपरी खरी, पण तिचे येणे बरेच जुने. मूळच्या अमेरिकेतल्या या वनस्पतीला पोर्तुगीजांनी दख्खनच्या किनाऱ्यावर आणले. सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी असद बेग हा मोगल दरबारातला सरदार विजापूरहून परतताना तंबाखू आणि चिलीम घेऊन गेला व त्याने ती अकबरापुढे ठेवली. बादशहाने झुरका घेतला आणि हकिमाने हरकत घेतली, असे असद बेगनेच लिहून ठेवले आहे. जहांगिराने १६१७ साली धूम्रपानावर बंदी घातली. तिचे पुढे काय झाले हे आपण पाहतोच आहोत. तात्पर्य, मोगल दरबाराला तंबाखूची ओळख करून देण्याचा मान दख्खनकडे जातो, आणि वैद्याची हरकतही तंबाखूइतकीच जुनी आहे.

आज भारतात तंबाखूमुळे दरवर्षी सुमारे साडेतेरा लाख माणसे मरतात, असा सर्वत्र उद्धृत होणारा अंदाज आहे. नागपुरात बसून हा आकडा वाचताना मात्र एक दुरुस्ती मनाशी करून घ्यावी लागते. आपली सारी शासकीय शब्दकळा 'धूम्रपान' या शब्दाभोवती फिरते. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. देशाचे हेच आकडे अनुक्रमे १०.७ आणि २१.४ होते. म्हणजे या राज्यात तंबाखूचा धूर होतो त्याहून कितीतरी अधिक ती चघळली जाते, दाढेखाली धरली जाते, हिरड्यांना घासली जाते. 'येथे धूम्रपान करू नये' ही पाटी भिंतीवर असते आणि तिच्याच खाली भिंतीचा कोपरा लाल झालेला असतो. पाटीची आज्ञा कोणीही मोडलेली नसते!

विदर्भात या चघळण्याचे नाव खर्रा. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घेऊन पानठेल्यावरचा माणूस ते तळहाताने दाबून दाबून घासतो. याला 'घोटणे' म्हणतात. घोटता घोटता सुपारी मऊ होते, चुना तिच्यात मुरतो, आणि ती पुडी गिऱ्हाइकाच्या खिशात जाते. ती एकट्याने खायची वस्तू मानली जात नाही. चार मित्रांत एक पुडी फिरते, ऑफिसात टेबलावरून टेबलाकडे जाते, अनोळखी माणसापुढेही धरली जाते. नाही म्हणणारा थोडा शिष्ट ठरतो. वैदर्भीय आदरातिथ्याचा हा एक भागच होऊन बसला आहे.

महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली आणि पुढच्या आदेशांत सुगंधी तंबाखू व सुगंधी सुपारीही आणली. सिगारेट, विडी व तंबाखूच्या वेष्टनांवर एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के जागा व्यापणारा सचित्र इशारा आला. १ सप्टेंबर २०१८ पासून त्याच वेष्टनावर तंबाखू सोडण्यासाठी साहाय्य करणाऱ्या दूरध्वनीचा क्रमांकही छापला जाऊ लागला. ही सर्व व्यवस्था वेष्टन आहे असे गृहीत धरून केलेली आहे. गिऱ्हाइकासमोर घोटलेल्या खर्ऱ्याला कंपनी नसते, छापील पाकीट नसते. त्याची पन्नी कोरी. इशाऱ्याचे चित्र आणि मदतीचा क्रमांक हे दोन्ही पानठेल्यावरच्या मूळ डब्यावर राहतात. खाणाऱ्याच्या हाती त्यांतले काहीच पडत नाही.

खर्ऱ्याने होणाऱ्या रोगाचे स्वरूप भाषेच्या अभ्यासकांनी नीट समजून घ्यावे असे आहे. तोंडाच्या आतील अस्तराखाली तंतू साचत जातात आणि मऊ, लवचीक गाल आतून दोरीसारखा ताठ होतो. १९५२ साली श्वार्ट्झ या वैद्याने आफ्रिकेतल्या केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये ही अवस्था नोंदवली आणि १९५३ साली जोशी या भारतीय वैद्याने तिला आज रूढ असलेले 'सबम्युकस फायब्रोसिस' हे नाव दिले. तिचे मुख्य कारण सुपारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारी ही स्वतःच, तंबाखूवाचूनही, कर्करोगकारक ठरवली आहे. 'आम्ही तंबाखू नाही खात, नुसती सुपारी खातो' असे म्हणणाऱ्यांना ही गोष्ट अद्याप पोचलेली नाही. तोंडाचे आखडणे पूर्णपणे मागे फिरत नाही. सुपारी-तंबाखू सुटली तर ते थांबू शकते आणि व्यायाम-उपचारांनी काही अंशी सैल होते. न सुटली तर काहींच्या बाबतीत त्याच जागी कर्करोग उद्भवतो.

आमचे एक सहकारी मराठीचे अध्यापक. ध्वनिविचार हा त्यांचा आवडीचा विषय. स्वरांचा उच्चार शिकवताना ते विद्यार्थ्यांना आरसे आणायला सांगत आणि 'आ' हा विवृत स्वर म्हणजे मुख कसे व किती उघडते, हे स्वतः उच्चारून दाखवीत. खर्ऱ्याची पुडी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. आम्ही सारेच ती पाहत होतो. प्रथम त्यांना तिखट सोसेनासे झाले. सावजीच्या रश्श्यावर वाढलेला हा माणूस पंगतीत वरणभात मागू लागला, तेव्हा 'सर, पुण्याकडचे झाले तुम्ही' अशी थट्टा झाली. तोंडाची आग हे पहिले लक्षण असते, हे त्या पंगतीत कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे दंतवैद्याने त्यांना तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगितली. निरोगी प्रौढाच्या तोंडात ती जातात. त्यांची दोन जेमतेम गेली.

त्यांनी खर्रा सोडण्याचे प्रयत्न याआधीही दोनदा केले होते. दोन्ही वेळा सभोवतालच्या मंडळींनी, आपुलकीनेच, त्यांना एकच गोष्ट सांगितली : 'मनावर घ्या, सर. इच्छाशक्ती पाहिजे.' इच्छाशक्तीविषयी शंका घ्यावी असा तो माणूस नव्हे. पहाटे चारला उठून त्यांनी आपला प्रबंध पुरा केला होता. तरीही पहिल्या प्रयत्नात तिसऱ्या दिवशी आणि दुसऱ्यात पाचव्या आठवड्यात ते पानठेल्यावर परतले. दुसऱ्या वेळी तर त्यांनी महिनाभर ती गोष्ट लपवली. आम्हांला अधिक दुःख या लपवण्याचे वाटते. ज्या आजारात मदत मागायची असते, त्यात माणूस तोंड लपवू लागतो, याला आपल्या सल्ल्याचीच भाषा काही प्रमाणात जबाबदार असली पाहिजे.

ही भाषा जरा तपासून पाहू. मराठीत तहान लागते, भूक लागते, ठेच लागते, नाद लागतो आणि व्यसनही लागते. 'त्याला व्यसन लागले' या वाक्यात माणूस कर्ता नाही. 'त्याला' काहीतरी येऊन चिकटले आहे. क्रियापद व्यसनाचे आहे. तलफ ही त्याला 'येते'. इथवर भाषा अनुभवाशी प्रामाणिक आहे. पण वाक्य सुटकेकडे वळले की व्याकरण बदलते. 'त्याने तंबाखू सोडली' किंवा 'सोडली नाही.' आता तो कर्ता झाला, क्रियापद सकर्मक झाले, आणि अपयशाचे सारे ओझे त्या तृतीयेतल्या 'त्याने'वर आले. जे लागताना त्याच्या हाती नव्हते, ते सोडताना मात्र सर्वस्वी त्याच्या हाती आहे, असे आपण वाक्यरचनेतूनच ठरवून टाकतो.

मराठीला तिसरे क्रियापदही आहे : सुटणे. 'त्याची तंबाखू सुटली.' ताप उतरतो, गाठ सुटते, तशी ती सुटते. यात माणूस निष्क्रिय असतो असे नाही. गाठ सोडवायला बोटे झिजवावी लागतातच. पण गाठ घट्ट होती, ती सैल व्हायला वेळ लागला, कदाचित दुसऱ्या कोणाचा हातही लागला, हे सारे 'सुटणे' या शब्दात सामावते. सोडणे आणि सुटणे यांच्यामधल्या या जागेतच मदत नावाची गोष्ट उभी राहते.

खुद्द 'व्यसन' या शब्दाचा इतिहासही इथे उपयोगी पडतो. संस्कृतात व्यसन म्हणजे केवळ वाईट खोड नव्हे. संकट, आपत्ती हाही त्याचा तितकाच प्रचलित अर्थ. कौटिलीय अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयी आहे. त्यात राजाची मृगया, द्यूत, मद्यपान ही व्यसने येतात आणि त्याच अधिकरणात अग्नी, महापूर, रोगराई, दुष्काळ या पीडाही येतात. श्रेयापासून माणसाला दूर फेकते ते व्यसन, अशी त्यामागची कल्पना. मराठीने या शब्दाची एक बाजू ठेवली आणि दुसरी हरवली. पूर आलेल्या गावाला कोणी 'मनावर घ्या' म्हणत नाही. तिथे होडी पाठवतात. व्यसनातला आपत्तीचा अर्थ पुसट झाला, तेव्हा होडीची कल्पनाही पुसट झाली.

यावर एक आक्षेप संभवतो. व्यसनाला आपत्ती म्हटले तर माणसाची जबाबदारी संपते, आणि जबाबदारीच नसेल तर तो सोडील कशाला? आक्षेप हलका नाही. परंतु माणसे इच्छेच्या अभावी अडकलेली नाहीत, असे पुरावा सांगतो. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात देशातील धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के लोक ती सोडण्याचा विचार करीत होते. निम्म्या माणसांना सुटायचे आहे. निकोटीन मात्र मेंदूत आपली जागा करून बसते, आणि ते मिळेनासे झाले की चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, एकाग्रतेचा अभाव सुरू होतो. पहिले दोन-तीन दिवस हा त्रास सर्वांत तीव्र असतो आणि काही आठवड्यांत ओसरतो. आमचे सहकारी तिसऱ्या दिवशी परतले, यात त्यांच्या चारित्र्याचा काही संबंध नव्हता. त्या दिवशी काय होणार आहे, हे त्यांना कोणी आधी सांगितले नव्हते.

सुटण्याचा लाभ किती, हेही निश्चितपणे ठाऊक आहे. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचा जो अभ्यास आरंभला, त्याचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्याला सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी दहा वर्षांचे आयुष्य परत मिळते, असे त्यांत दिसले. 'आता या वयात सोडून काय उपयोग' या वाक्याला याहून नेमके उत्तर आम्हांस माहीत नाही. हा अभ्यास डॉक्टरांवरच झाला, हेही लक्षात ठेवण्याजोगे. नुसत्या ज्ञानाने सुटत असते, तर त्या धंद्यात सिगारेट ओढणारा उरलाच नसता.

आमच्या सहकाऱ्यांचा तिसरा प्रयत्न दंतवैद्याकडच्या समुपदेशकाच्या साहाय्याने झाला. त्यात गूढ असे काही नव्हते. एक तारीख ठरली. कोणत्या वेळी, कोणासोबत, कशानंतर पुडी निघते याची आठवडाभर वहीत नोंद झाली. सर्वाधिक वेळा ती दोन तासिकांमधल्या रिकाम्या वेळात निघत होती. तलफ ही लाट असते, काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा, हे त्यांना समजावण्यात आले. पाणी, चालणे, बडीशेप आणि वैद्यकीय सल्ल्याने निकोटीनची औषधी गोळी यांची योजना झाली. पुन्हा एखादे वेळी तोंडात गेलेच तर ते अपयश मानू नका, दुसऱ्या दिवशी फोन करा, असे सांगितले गेले. ते तसे दोनदा झाले. दोन्ही वेळा त्यांनी फोन केला. पानठेल्यावर 'काहून सर, आज नाई का?' असे विचारले गेले, तेव्हा त्यांनी दंतवैद्याने सांगितलेले सारे तिथे उभ्या उभ्या सांगितले. ठेल्यावरच्या भाऊंनी त्यानंतर त्यांच्यासाठी खर्रा घोटला नाही.

तोंड दोन बोटांवरच राहिले. जबड्याचा व्यायाम चालू आहे, दर काही महिन्यांनी तपासणी असते, आणि तपासणीच्या आधीचा आठवडा घरात कोणी फारसे बोलत नाही. वर्गात 'आ' ते आता उच्चारून दाखवत नाहीत. एखाद्या विद्यार्थिनीला पुढे बोलावतात.

व्यक्तिशः हे घडते तसे समूहानेही घडवता येते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा दारू व तंबाखू नियंत्रणाचा प्रयत्न डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने, शासनाच्या सहभागाने चालू आहे. गावसभेत खर्राविक्री बंदीचा ठराव, शाळांतून काम, आणि ज्यांना सोडायचे आहे त्यांच्यासाठी उपचाराची सोय, असे त्याचे अनेक पदर आहेत. खर्रा ही खाणाऱ्याची खासगी भानगड न मानता गावावरची आपत्ती मानली, हे आम्हांस त्यातले महत्त्वाचे वाटते. शब्दाचा हरवलेला अर्थ तिथल्या गावांनी शब्दकोश न उघडता परत मिळवला.

या विषयाची आणखी एक बाजू नागपूरकरांनी विसरू नये. या शहराभोवती तंबाखूवर पोट भरणाऱ्यांचाही इतिहास आहे. कामठीचे बाबू हरदास यांनी विडी कामगारांची संघटना बांधली. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. १९३९ साली, ऐन तारुण्यात, ते क्षयाने गेले. विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर तंबाखूच्या धुळीत श्वास घेत आल्या, आणि गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलांत तेंदूपाने तोडणाऱ्या हातांचे उन्हाळ्यातले उत्पन्न त्याच पानांवर अवलंबून आहे. तंबाखूला शत्रू म्हणणे सोपे आहे. पण ठेलेवाला, विडीवाली, पानतोड्या यांना पर्याय न देता केलेली बंदी हीसुद्धा 'सोड' अशी आज्ञाच ठरते. सुटण्याची गरज त्यांनाही आहे.

नागपुरात एकच नाव दोन दारांवर आहे. २००५ पासून आमचे विद्यापीठ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते आणि शहरातले प्रादेशिक कर्करोग रुग्णालयही त्यांच्याच नावाचे आहे. खंजिरीवर भजने गात गावोगावी व्यसनमुक्ती सांगणारे महाराज स्वतः १९६८ साली कर्करोगाने गेले. हा रोग पापाची शिक्षा नव्हे, हे समजायला एवढे उदाहरण पुरे व्हावे. विद्यापीठाच्या दारातून आत जाणाऱ्यांपैकी कोणावर दुसऱ्या दारात जाण्याची वेळ येऊ नये, यासाठी भाषाविभागांना करता येण्याजोगे थोडे आहे, पण ते आहे. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. तिची आठवण देणे हे एक. खर्ऱ्याच्या कोऱ्या पन्नीवर नसलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय साहाय्यक्रमांक विभागाच्या फलकावर लिहून ठेवणे हे दुसरे; तो निःशुल्क आहे. तिसरे काम आपल्याच व्यवसायाचे. खिशात पुडी असलेल्या विद्यार्थ्याला किंवा सहकाऱ्याला 'सोडली की नाही?' असे विचारण्याऐवजी 'सुटायला काय अडते आहे?' असे विचारावे, आणि मग तो सांगेल ते मध्येच न तोडता ऐकून घ्यावे.